बंद डोंगरातलं तेल

आबा, मागच्या महिन्यात मी आपल्या डोंगरावर जाऊन आले. गंगाखेडहून आता पायथ्यापर्यंत डांबरी सडक झालीय, जीप थेट ओढ्याला जाऊन टेकते. तिथून वर चढताना गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तुमची आठवण आली. डोक्यावर गवताचा भारा घेऊन तुम्ही हाच उतार सपासप उतरायचात आणि मोकळ्या हातानं मागं राहणाऱ्या माझ्यावरच ओरडायचात. तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता मोठी आहे. डोंगराचं आता जंगल झालंय, आबा, खरंखुरं. धावडा, सालई, मोहा, मधूनमधून साग. भर दुपारी खाली नुसते कवडसे पडतात. बरोबरची माझ्या प्रयोगशाळेतली मुलं खूष होती, एवढं दाट रान परभणी जिल्ह्यात असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. मला मात्र तिथं उभं राहून रडायला आलं, आणि ते लपवायला मी त्यांना बॅटरी नीट चार्ज केली नाही म्हणून उगीच झापलं. आपण उभे राहायचो त्या उघड्या सोंडेवर, जिथं दसऱ्याच्या सुमाराला गवत फुलून तांबूस व्हायचं आणि वारा सुटला की गावातल्या अंगणापर्यंत वास यायचा, तिथं रोशा गवताची एक काडी उरली नव्हती.

माझं काम तुम्हाला कधी नीट सांगता आलं नाही. तुम्ही होतात तेव्हा मी ते सुरूही केलं नव्हतं. झाडं आणि गवतं हवेत काय काय सोडतात ते मी मोजते. फांदीला एक पारदर्शक पिशवी बांधायची, तिच्यात जमलेली हवा एका बारीक नळीतून ओढून घ्यायची, नळीत वास अडकून राहतो, मग प्रयोगशाळेतल्या यंत्रात घालून तो कशाकशाचा बनलाय ते वेगळं करायचं. नव्यानं उगवलेल्या रानाची हवा एक असते, पंधरा-वीस वर्षं वाढलेल्या रानाची दुसरी, आणि जुन्या, कुणी कधी हात न लावलेल्या रानाची तिसरीच. रान वयात येतं तसा त्याचा वास बदलतो. कसा बदलतो आणि का, यातच माझं आयुष्य गेलं. ऐकून तुम्ही हसला असतात. म्हणाला असतात, "त्याला मशीन कशाला पायजे, नाक दिलंय की देवानं." आणि आबा, नेमकं त्या नाकानंच आपला घात केला, असं मला हल्ली वाटतं.

भट्टीचे दिवस आठवतात तेव्हा मी पुन्हा तिथंच असते. ओढ्याच्या काठाला दगडांची चूल आहे, तिच्यावर आजोबांच्या वेळची तांब्याची देग बसवलीय. तुम्ही फुलावर आलेलं गवत कापून, थोडं सुकवून, दाबून दाबून आत भरताय. झाकणाच्या कडेला आई उडदाचं पीठ आणि माती कालवून लिंपण लावतेय, वाफ कुठून निसटू नये म्हणून. देगेतून निघालेली वेळूची नळी खाली ओढ्यात बुडवलेल्या भांड्यात गेलीय. वाफ तिथं गार होते, पाणी खाली राहतं, तेल वर तरंगतं, आणि तुम्ही उकिडवे बसून पळीनं ते अलगद वेचून घेताय. त्या वेळी कुणी बोललेलं तुम्हाला चालायचं नाही. मग एक थेंब तळहातावर घेऊन चोळायचा, डोळे मिटून हुंगायचा, आणि मान हलवायची. ती मान हलली की आई चहा ठेवायची. गुलाबासारखा, पण गुलाबापेक्षा कोरडा, मागाहून किंचित लिंबाकडं झुकणारा तो वास आमच्या कपड्यांना, भाकरीला, वह्यापुस्तकांना, सगळ्याला असायचा. शाळेत मुली माझ्या शेजारी बसायला भांडायच्या आणि मी भाव खायची.

एकदा मी यात्रेत घेतलेली पावडर तोंडाला थापून भट्टीवर आले. तुम्ही लांबूनच ओळखलंत. हातातली पळी खाली ठेवून उठलात, माझं बखोट धरून ओढ्यात नेलंत आणि तोंड खसाखसा धुतलंत. "भट्टीजवळ वासाचं काई आणू न्हाई म्हनून किती डाव सांगितलं? परभणीला त्या मानसाच्या नाकाम्होरं मला उभं ऱ्हावं लागतंय. एक डाव तेलात दुसरा वास घावला की मानूस खोटा ठरतंय, तेल न्हाई." मी दिवसभर तुमच्याशी बोलले नाही. संध्याकाळी तुम्ही ताटातला गुळाचा खडा माझ्या ताटात सरकवलात, आणि तेवढ्यावर मी विरघळले, एवढी मी सोपी होते.

परभणीचा तो माणूस म्हणजे बाजारातला अत्तरवाला. गंगाखेडहून रेल्वेनं आपण तेलाचा डबा घेऊन जायचो. झाकण घट्ट लावून, वर फडकं बांधूनही गाडीचा अख्खा डबा दरवळायचा आणि लोक विचारायचे, कुणाचं लग्न आहे. त्या दुकानात लाकडी कपाटांतून काचेच्या बरण्या असायच्या आणि खाली गादीवर ते म्हातारबुवा, मेंदीनं रंगवलेली दाढी, स्वच्छ पांढरा सदरा. ते तुम्हाला भाऊ म्हणायचे. आधी पाणी द्यायचे, माझ्या कानात अत्तराचा फाया ठेवायचे, इकडचं तिकडचं बोलायचे, आणि मग कागदाच्या पट्टीवर तुमचं तेल घेऊन हुंगायचे. त्यांनीच मला सांगितलं होतं की रोशाचे दोन प्रकार असतात, उघड्या माळावरचा मोतिया आणि झाडीतला सोफिया. मोतिया नाजूक, सोफिया उग्र, टर्पेंटाइनकडं झुकणारा. "दिखने में दोनों भाई-भाई. नाक बोलती कौन सगा है," असं म्हणून ते हसायचे. "तुमारे अब्बा का माल पूरा मोतिया. आँख मूँद को लेता मैं." तुमचा चेहरा तेव्हा कसा व्हायचा ते मला आत्ताही दिसतं. घरी परत येताना तुम्ही मला स्टेशनवर भजी घ्यायचात.

डोंगर बंद करायचं ठरलं ते नामांतराच्या दंग्यानंतर काही वर्षांनी. पण त्याआधी दंग्याचं लिहायला हवं, कारण तुम्ही स्वतःच पुढं एकदा ते काढलं होतंत. गवत कापायला दलित वस्तीतलं एक नवरा-बायकोचं जोडपं वर्षानुवर्षं आपल्याकडं यायचं. बाईला मी मावशी म्हणायची. त्या साली आजूबाजूच्या गावांत दलितांची घरं जळाली. आपल्या गावात एकही घर जळलं नाही असं गाव पुढं मोठ्या तोंडानं सांगायचं. घर जाळायची गरजच पडली नाही. त्या दोघांनी भट्टीवरचं तेल चोरून विकलं असं कुणीतरी उठवलं, चावडीत बोलाचाली झाली, आणि दोन दिवसांत ते पोरंबाळं, अंथरूण-पांघरूण घेऊन गाव सोडून गेले. तेल तर आपलं होतं. थेंबही कमी नव्हता, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुम्ही चावडीत होतात आणि गप्प बसलात. मी लहान होते, पण त्या रात्री आईनं तुम्हाला वाढताना भांडी आपटली ती का, एवढं मला कळलं होतं.

मग फॉरेस्टवाले आले. डोंगरावर चराईबंदी, कुऱ्हाडबंदी करायची, मोकळ्या जागेत रोपं लावायची, जुन्या खोडांना फुटवे येऊ द्यायचे. ज्यांची गुरं होती ते चवताळले. गुरं काय चावडीत बांधायची का, असं विचारायला लागले. तेव्हा तुम्ही उठून उभे राहिलात. आयुष्यात चावडीत तुम्ही मोठ्यानं बोललात ते तेवढंच. "डोंगर बंद करा. बोडका झालाय, बघवंना. गवत इळ्यानं कापून न्यायला साहेब न्हाई म्हनत न्हाईत. गुरं आत गेली न्हाईत तर गवत कमरंला लागंल, समद्याच्या गुरांना पुरंल." तुम्ही गावाचा विचार करून बोललात हे खरं, पण तुमच्या मनात रोशा होता हेही खरं. गुरं कोवळा रोशा खातात, खुरांनी ठेचतात. ती थांबली की काय पीक येईल याचं चित्र तुमच्या डोळ्यांपुढं होतं. गावानं तुमचं ऐकलं. काहींनी नाइलाजानं ऐकलं आणि ते लक्षात ठेवलं.

पहिली वर्षं तुमचंच खरं ठरलं. असा रोशा आजोबांनीसुद्धा पाहिला नसेल. कमरेच्या वर, सोंडेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. भट्टी दसऱ्यापासून पार थंडीपर्यंत पेटती असायची. मधूनमधून गुडघ्याएवढी रोपं आणि खोडांचे फुटवे दिसायचे, ते तुम्ही विळ्यानं चुकवायचात. एखादं रोप कुणा पोराच्या पायाखाली आलं तर त्याच्या अंगावर धावून जायचात. "झाड हाय ते. जीव हाय त्याला." आई हसायची, म्हणायची की यांना आता डोंगराचा दुसरा संसार झालाय. आबा, ज्या झाडांनी आपलं गवत खाल्लं त्यांना पाणी घालणारे, काटे लावून जपणारे तुम्हीच होतात. राग कुणावर करायचा हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मला परभणीला शेतकी कॉलेजला घातलंत तेव्हा भावकीत कुजबुज झाली. मुलीला कशाला, आणि तेही हॉस्टेलवर. तुम्ही मात्र एस.टी. स्टँडवर मला सोडायला आलात, ट्रंक टपावर चढवलीत आणि खिडकीतून म्हणालात, "शिक. आन शिकल्यावर मला सांग, ह्ये तेल गवतात कुठं ऱ्हातं. पानात, का काडीत, का फुलात. मी इतकी सालं काढायलोय, मला ठावं न्हाई." तुम्ही मला आयुष्यात पुष्कळ दिलंत, पण त्या खिडकीतून दिलेल्या प्रश्नाएवढं मोठं काही दिलं नाहीत. पहिल्या वर्षी मी सुट्टीत येऊन तुम्हाला सांगितलं की पानाफुलांत बारीक पेशी असतात, त्यात ते साठतं. तुम्ही गवताचं एक पातं उन्हात धरून बराच वेळ बघत राहिलात, आणि म्हणालात, दिसत तर न्हाई काई.

दुसऱ्या वर्षी नामांतरावरून पुन्हा तापलं. बंद, मोर्चे, एस.ट्या उभ्या, कॉलेजला सुट्टी दिली. मी कशीबशी गावी पोचले तेव्हा कापणी चालू होती. सोंडेवर गेले आणि मला कसंतरी वाटलं. रोपांची झाडं झाली होती. एकमेकांना टेकायला लागली होती. खाली गवत होतं, उंचही होतं, पण लवलवीत, हिरवंगार, आणि ओढ्याकडच्या घळीत जसं पूर्वीपासून असायचं तसं. वरच्या उघड्या कपारीवर तेवढे जुने तांबूस ठोंब उभे होते. मी म्हटलं, "आबा, गवत बदललंय का?" तुम्ही कमरेवर हात ठेवून सगळीकडं बघितलंत. "सावलीनं जरा पोसलंय. तेच हाय की." काडी मोडून हुंगलीत, माझ्या नाकाशी धरलीत. मला फरक सांगता आला नाही. तुम्हालाही आला नाही. जन्मभर भट्टीवर त्या वासात बसलेल्या माणसाचं नाक त्या वासापुरतं बधिर होतं, हे मी नंतर शिकले. त्या दिवशी आपण दोघंही त्या गवतात उभे राहून चुकलो.

महिन्याभरानं तुम्ही डबा घेऊन परभणीला आलात. बंद संपले होते, कॉलेज सुरू झालं होतं. मी नेहमीसारखी हॉस्टेलवरून चालत दुकानात आले, तुम्ही आधीच पोचला होतात. म्हातारबुवांनी पाणी दिलं. फाया दिला. मग पट्टी तेलात बुडवली, हुंगली, हातानं वारा घातला, पुन्हा हुंगली. दुसरी पट्टी घेतली. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही बघायला लागली. त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, ये तेल तुमारा नै."

"मेराच है," तुम्ही म्हणालात.

"तुमारा है तो फिर क्या डाले इसमें? बीस बरस का मोतिया है तुमारे पहाड का. एक बरस में पहाड बदलता क्या?" त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांना वाईट वाटत होतं, ते स्पष्ट दिसत होतं, आणि म्हणूनच ते ऐकणं जड गेलं. "जरूरत थी तो मांग लेते, भाऊ. मैं ना बोलता क्या?"

तुम्ही भांडाल असं मला वाटलं. देवाची शपथ घ्याल, डोंगरावर चला म्हणाल. तुम्ही फक्त "बरं" म्हणालात. डब्याचं झाकण लावलंत, फडक्याची गाठ मारलीत आणि उठलात. मी मागोमाग. स्टेशनवर बाकड्यावर बसलो, गाडीला वेळ होता. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "तू जा माय, अभ्यास बुडंल." मी हॉस्टेलला परत गेले. गाडी लागेपर्यंत तुम्ही तिथं एकटेच बसून होतात.

ती गोष्ट गावात तुमच्या आधी पोचली असावी. त्या दोन गिऱ्हाइकांपैकी एक कुणीतरी आपल्याकडचा असणार. तेलात घासलेट घालतंय, पोरीच्या शिक्षणापायी इमान इकलं, असं बोललं गेलं. ज्यांची गुरं डोंगर बंद झाल्यानं अडली होती त्यांना तर आयतंच मिळालं. तुम्ही भट्टी पुन्हा पेटवली नाहीत. तो डबा आईनं पुढं कधीतरी गोठ्यात माश्यांसाठी वापरून संपवला. मी सुट्टीत आले तेव्हा देग परसात पालथी होती आणि तिच्यावर कोंबड्या बसल्या होत्या. मी रागानं म्हटलं, चावडीत जाऊन सांगा ना की खोटं आहे. तुम्ही विडीची राख झटकत म्हणालात, "सांगून काय हुतंय? त्या जोडप्यावर आळ आला तवा मलाबी म्हाईत हुतं खोटं हाय म्हनून. मी गप बसलो. आता गाव गप बसायलंय. बसू दे." त्यानंतर तुम्ही डोंगराकडं पाठ करून बसायला लागलात. ओसरीवर तुमची जागा बदलली. मी शेवटच्या परीक्षेची तयारी करत होते तेव्हा तुमच्या छातीत कळ आली आणि तुम्ही गेलात. नामांतर झालं तेव्हा तुम्ही नव्हतात. मला पहिली नोकरी लागली तेव्हाही नव्हतात.

माझ्या मार्गदर्शकांनी विचारलं होतं, हाच विषय कशाला, यात कुणाला रस नाही. मी काहीतरी शास्त्रीय सांगितलं. खरं कारण त्या दुकानातलं तुमचं "बरं" होतं. पुढची सगळी वर्षं मी वेगवेगळ्या वयांच्या रानांत पिशव्या बांधत हिंडले, इथं आणि दूरदूर. उघड्या जमिनीवर पहिल्यांदा येणारी गवतं, झुडपं, ती ऊन खाऊन भडभडून वास सोडतात. त्यांचा वास हलका, तेज असतो, लांब जातो. झाडं वर येऊन एकमेकांना भिडली की खालच्याला ऊन मिळत नाही. मग कुणी आपला वास बदलतं, कुणी जागा सोडून जातं आणि तिथं सावलीत निभणारा दुसरा येतो. जुन्या रानाची हवा म्हणजे साल, डिंक, कुजलेला पाला, बुरशी यांची जड सरमिसळ, तिच्यात ते पहिलं तेज शोधून सापडत नाही. रान आजारी पडलं म्हणून असं होत नाही. रान चांगलं वाढलं म्हणूनच होतं. आपल्या डोंगरावर हेच झालं. झाडं दाटली, उन्हातला मोतिया आक्रसत कपारीपुरता उरला, आणि घळीतला सोफिया सावलीसावलीनं वर चढला. दिसायला दोघे सख्खे भाऊ. तुम्ही त्याच डोंगराचं, त्याच विळ्यानं, त्याच देगेत तेल काढलंत, आणि ते वेगळं निघालं. एका वर्षात डोंगर बदलत नाही हे म्हातारबुवांचं म्हणणं बरोबर होतं. तो तुम्ही चावडीत उभे राहिलात तेव्हापासून बदलत होता. मधल्या वर्षांत थोडा उग्रपणा आलाही असेल, तो मोतियाच्या ढिगात लपला. मग एका हंगामात पारडं फिरलं.

हे सगळं मी डोंगरावरून उतरल्यावर आईला सांगितलं. ती धाकट्या भावाकडं गावातच असते, आता कमी ऐकू येतं, कमी दिसतं, पण बोलणं तेच धारेचं. मी खाटेवर बसून, हात धरून, मोठ्यानं, सावकाश सांगितलं, मोतिया, सोफिया, ऊन, सावली. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी त्यांनी घातलं न्हवतं?"

"नव्हतं घातलं."

"तुजी मशीन म्हनली?"

"हो आई, मशीन म्हणाली."

 मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि सुनेवर खेकसली की चहा ठेव, बसलीस काय. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाला, निरोपाला, कशाला म्हणून जी बाई दारात आली तिला ती धरून सांगत होती, माझ्या लेकीच्या मशिनीनं सांगितलं, यांनी तेलात काई घातलं न्हवतं. आबा, एका बाईलाही ती कशाबद्दल बोलतेय ते कळत नव्हतं. "कोन्तं तेल, आजी?" असं विचारून त्या माझ्याकडं बघून हसायच्या. ज्यांनी तुम्हाला बोल लावला ते सगळे गेले, त्यांच्या सुनांना गावात कधी भट्टी होती हेसुद्धा माहीत नाही. म्हातारबुवाही केव्हाच गेलेत, त्या दुकानाच्या जागी मोबाईलचं दुकान आहे. मला कुणाच्या तोंडावर फेकायचं होतं ते सगळं, आणि समोर कुणीच उभं नव्हतं.

म्हणून तुम्हाला लिहायला बसले. वाटलं होतं की तुम्हाला निर्दोष सोडवल्याचा निरोप एवढाच लिहीन आणि फाडून टाकीन. पण लिहिता लिहिता हात अडला, आणि कुठं अडला तेही तुम्हाला सांगायला हवं. माझं यंत्र तुमच्याबद्दल काही म्हणालेलं नाही, आबा. ते म्हणतं की सावलीत असं होतं. त्या डब्यात तसंच झालं होतं का, ते कुणालाच सांगता यायचं नाही. आणि सावली नुसता वास बदलत नाही. उन्हाला मुकलेलं गवत तेलही कमी देतं, बरंच कमी देतं. ते मी मोजलंय, पुन्हा पुन्हा मोजलंय, दरवेळी तेच येतं. त्या साली सोंडेवर सावली होती, आणि दुकानातून तुम्ही डबा उचललात तेव्हा तो दरसालसारखाच काठोकाठ भरलेला होता. तुम्ही जास्त गवत कापलं असेल. दिवसरात्र भट्टी लावली असेल, आई म्हणते लावली होती. आणि माझ्या हॉस्टेलची फी त्याच महिन्यात भरायची होती. घातलं असेल तरी मला तुम्ही तेवढेच हवे आहात, पण मला ते कळायला हवं होतं, आणि विचारायला कुणी उरलं नाही. आईला मी वासाचं सगळं समजावून सांगितलं. तेल कमी निघतं, तेवढं सांगितलं नाही.